दुरावलेल्या भावंडांना इतक्या वर्षांनी भेटताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की आईच्या आजारपणात आणि नंतर घराच्या प्रश्नावरून दुरावलेली तुम्ही तीन भावंडे पाच वर्षांनी दिवाळीत पुण्यात एकत्र येणार आहात, आणि जुने विषय काढावेत की टाळावेत हे तुम्हाला कळत नाही. मी स्वतः याच अवस्थेतून गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आम्हीही तिघेच. ताई लग्नानंतर नागपूरला, दादा मेलबर्नला, आणि मी शेंडेफळ, नारायण पेठेत आईजवळ. आईला स्मृतिभ्रंश झाल्यापासून ती जाईपर्यंतची चार वर्षे मी तिच्याबरोबर काढली. ती एप्रिल २०२१ मध्ये गेली, तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. ताईच्या घरी सगळेच अंथरुणाला खिळलेले, आणि दादाने आईचे शेवटचे दर्शन मोबाइलवर घेतले. त्या रात्री मी त्याला फोनवर म्हणाले, "तुला यायचेच नव्हते." त्यानंतर साडेतीन वर्षे आमचे बोलणे सणावाराच्या शुभेच्छांपलीकडे गेले नाही.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही भेटलो. त्या भेटीतून मला जे उमगले ते असे, की कोण चुकले हे ठरवायला बसण्याआधी एकमेकांची न पाहिलेली वर्षे एकमेकांना सांगावीत. जुने विषय टाळू नका; पण आरोप म्हणून काढू नका, हकिगत म्हणून सांगा.

दादाची हकिगत मला पर्वती चढताना कळली. लहानपणी आम्ही तिथल्या १०३ पायऱ्या मोजत चढायचो, म्हणून ताईनेच तिथे जायचे सुचवले. समोरासमोर बसले की माणूस सावरून बोलतो. शेजारी शेजारी चालताना, धाप लागलेली असताना, ते आपसूक निघते. साधारण निम्म्या वाटेवर दादा थांबला आणि कठड्याला धरून बोलू लागला. त्या काळात ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांनाही देशाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागत असे, आणि ती अट १ नोव्हेंबर २०२१ पर्यंत उठली नव्हती. मे २०२१ च्या सुरुवातीला तर भारतात राहून आलेल्या आपल्याच नागरिकांना त्या देशाने काही दिवस प्रवेश बंद केला होता आणि तो मोडणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद होती. दादाचे बाळ चार महिन्यांचे होते, वहिनी बाळंतपणानंतर आजारी होती. निघाला असता तर परत कधी पोहोचता येईल हे कोणीच सांगू शकत नव्हते. हे नियम मी वर्तमानपत्रांत वाचले होते, पण ते माझ्या भावाला लागू होतात हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

माझीही एक बाजू त्यांना माहीत नव्हती, आणि त्याला मीच कारण होते. दर रविवारी सकाळी दहाला, म्हणजे मेलबर्नच्या दुपारी, आमचा व्हिडिओ कॉल असे. त्याआधी मी आईची वेणी घालायची, तिला धुतलेले पातळ नेसवायची, आणि रात्रभर ती दार उघडून बाहेर जायला बघत होती हे कोणालाच सांगायची नाही. त्यांना दर आठवड्याला एक नीटनेटकी आई दिसत होती. "मग तू इतकी का चिडतेस?" हा ताईचा प्रश्न मला तेव्हा झोंबला, पण तिने पाहिलेल्या आईकडे बघता तो अगदी रास्त होता.

पर्वतीवरून आल्यावर मी आईची हिशेबाची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली, दूध-भाजी-इस्त्रीच्या नोंदींची. सुरुवातीची पाने आखीव, मोत्यासारख्या अक्षरांची. पुढे ओळी तिरक्या होत जातात, आणि एका पानावर "दूध १ लि." ही एकच नोंद अकरा वेळा आहे, शेवटच्या दोन वेळा तर "दूध" मधला "ध" सुद्धा उमटलेला नाही. ताई त्या पानावर बोट फिरवत बराच वेळ बसली. चार वर्षांत मी जे सांगू शकले नाही ते त्या पानाने सांगितले. तुमच्याकडे असे काही असेल, औषधांच्या चिठ्ठ्या, डायरी, अगदी किराणा मालाची यादी, तर ते जरूर जवळ ठेवा.

घराविषयी मात्र त्या आठवड्यात काहीही ठरवू नका. आमच्या सोसायटीत आईने वारस म्हणून नामनिर्देशन माझे केले होते, आणि त्यावरून घर माझ्या नावावर झाले असा समज दोघांनी करून घेतला होता. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. विधवा हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या मुलामुलींचा हिस्सा सारखाच असतो. हे वकिलाने समजावल्यावर अर्धा राग तिथेच विरला. हक्कसोडपत्र करायचे झाले तरी ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते आणि नंतर मनात आले म्हणून मागे घेता येत नाही, त्यामुळे भेटीच्या भरात, भाऊबीजेच्या ताटाशेजारी, कोणाकडूनही सही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही ते काम सहा महिन्यांनी केले.

दादा आमच्या घरी न उतरता जवळच भाड्याच्या जागेत राहिला, याचे मला आधी फार वाईट वाटले होते. पण रोज रात्री तिघांनाही थोडे एकटे राहता आले, आणि सकाळी चहाला तो आपणहून येत होता. तुमच्या भावाने असे सुचवले तर मनाला लावून घेऊ नका.

जोडीदार आणि मुले सोबत असावीत का, असेही तुम्ही विचारले आहे. अवश्य असावीत, पण दुसऱ्या दिवसापासून. पहिला दिवस तिघांचाच ठेवा.