मालक कोण ते सातबारा सांगतो : वाचकांचे फुटबॉलचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या ग्राउंडबद्दल, म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डबद्दल, दोन ओळी टाकल्या होत्या, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून एवढे प्रश्न आलेत की हे पान सगळं त्यालाच देतोय. क्रिकेटचे राहिलेले प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

भाऊ, आमचा युनायटेडवाल्यांचा ग्रुप आहे, रात्री जागून मॅच बघतो. ओल्ड ट्रॅफर्ड एवढं नावाजलेलं ग्राउंड, मग ते दुरुस्त करायचं सोडून एक लाख प्रेक्षकांचं नवीन कशाला बांधतायत? आणि क्लबचे मालक ग्लेझर लोकांवर सगळे एवढे का चिडलेले असतात? – एक वाचक, जळगाव

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी येतं बघा. १२ मे २०२४ ला आर्सेनलची मॅच होती, युनायटेड ०-१ हरलं, आणि त्या दिवशी मँचेस्टरात असा पाऊस झाला की छपरावरचं पाणी स्टँडच्या कोपऱ्यातून धो धो खाली खुर्च्यांवर कोसळायला लागलं, गळती नाही म्हणता येणार, अक्षरशः धबधबाच. तो व्हिडिओ जगभर फिरला. ग्राउंड १९१० चं. १९४१ ला जर्मन बॉम्ब पडले तेव्हा दुरुस्त होईपर्यंत म्हणजे १९४९ पर्यंत युनायटेडला शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मेन रोड ग्राउंडवर खेळावं लागलं. नंतर वाढवत वाढवत ७४ हजारांपर्यंत नेलं, पण शेवटचं मोठं काम झालं २००६ ला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला होता, साधारण ७९ कोटी पौंडांना, त्यातला मोठा पैसा कर्जाचा आणि त्या कर्जाचा भार टाकला क्लबवरच. म्हणजे मालकाने क्लब घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज क्लबने भरायचं, तिकिटाच्या आणि जर्सीच्या पैशातून. त्याआधी या क्लबवर कर्ज नव्हतं. जे पैसे छपरात, गटारात, खुर्च्यांत जायला पाहिजे होते ते वर्षानुवर्षं व्याजात गेले, लोकं चिडणार नाही तर काय करणार.

आता ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ. त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबचा पाव हिश्शाच्या थोडा वर भाग घेतला, सोयीसुविधांसाठी ३० कोटी डॉलर टाकायचं कबूल केलं, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला, पण मतांचं बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं हे विसरू नका. मार्च २०२५ ला आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांच्या फर्मचं डिझाइन दाखवलं, जुन्या ग्राउंडला लागूनच एक लाखाचं स्टेडियम, तीन उंच खांब आणि वर छत्रीसारखं छत, खर्च २०० कोटी पौंड.

दुरुस्तीचा पर्यायही तपासला होता. पण सर बॉबी चार्ल्टन स्टँडच्या पाठीला लागून रेल्वे लाईन जाते, भुसावळकरांना लगेच कळेल ही काय कटकट असते ते. तिकडे स्टँड वाढवायचा तर रुळांवरूनच न्यावा लागतो, म्हणून तर बाकी तीन बाजू उंच झाल्या आणि ती एकच बाजू ठेंगणी राहिली. शिवाय चालू ग्राउंडवर काम काढलं की काही वर्षं कमी प्रेक्षकांत खेळायचं. त्यामुळे नवीन बांधायला माझी हरकत नाही. हरकत एकच आहे, जाहीर करताना पैसा कुठून उभा करणार ते क्लबने सांगितलं नाही. कर्ज काढलं आणि ते परत क्लबच्याच डोक्यावर आलं तर २००५ चीच गोष्ट नव्या छताखाली सुरू होईल, म्हणून तुमच्या ग्रुपने डिझाइनच्या फोटोंपेक्षा त्या बातमीवर लक्ष ठेवा.

युनायटेडचा शेअर अमेरिकेच्या बाजारात मिळतो म्हणे. मी दहा शेअर घेतले तर मी पण मालक ना? – अमळनेरचा वाचक

कागदावर हो. अमळनेरवाल्याला शेअर काय असतो ते सांगायची गरज नाही, विप्रोचा जन्मच १९४५ ला तुमच्या गावातला आणि जुने शेअर जपून ठेवलेल्या घरांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण इथे हिशोब वेगळा आहे. युनायटेड २०१२ ला न्यूयॉर्कच्या बाजारात आलं तेव्हा शेअर दोन जातीचे ठेवले, ए आणि बी. बाजारात मिळतो तो ए, त्याला एक मत. बी ला दहा मतं, आणि बी मुख्यतः ग्लेझर कुटुंबाकडे. तर तुमच्याकडे शेअर राहील, भाव वर-खाली होताना दिसेल, पण स्टेडियम पाडायचं का ठेवायचं यात तुम्हाला कोणी विचारणार नाही. आठवण म्हणून घ्यायचा तर खुशाल घ्या.

दादा, मी एव्हर्टनची फॅन आहे (हो, खान्देशात पण आहेत). आमच्या क्लबने जुनं गुडिसन ग्राउंड सोडलं तेव्हा खूप रडले. ते पाडणार का आता? – कॉलेजची विद्यार्थिनी, शिरपूर

नाही ताई, पाडत नाहीयेत, आणि या सगळ्या विषयातली मला सगळ्यात आवडलेली बातमी हीच आहे. गुडिसन पार्क १८९२ चं, लाकडी फळ्यांचे मजले, मधेमधे खांब आल्यामुळे अर्धं मैदान न दिसणाऱ्या सीट, कोपऱ्याला खेटून सेंट ल्यूक चर्च. पुरुषांची शेवटची मॅच १८ मे २०२५ ला साउदॅम्पटनशी झाली, २-० जिंकले. आधीचा प्लॅन पाडायचाच होता, पण नवे मालक फ्रीडकिन ग्रुप, ज्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये क्लब घेतला, त्यांनी गुडिसन एव्हर्टनच्या महिला टीमला दिलं. म्हणजे तिथे आता मुली खेळतायत.

पण नव्या स्टेडियमची किंमत पण बघा. ब्रॅमली-मूर डॉकवर, नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलंय, साधारण ५३ हजारांचं. बांधकाम चालू असतानाच आधीचे मालक मोशिरी यांचा पैसा आटला, खर्चाचे नियम मोडले म्हणून २०२३-२४ च्या सीझनला एव्हर्टनचे एकूण ८ पॉइंट कापले गेले, क्लब विकायला काढला, एक गिऱ्हाईक मध्येच बुडालं. स्टेडियम उभं राहिलं ते ठीक झालं, पण त्या दोन वर्षांत क्लब खालच्या लीगमध्ये जाता जाता राहिला.

लिव्हरपूलने तर जुनंच ग्राउंड ठेवलं ना? – वाचक, धुळे

हो, आणि चांगलं केलं. २००७ ला आलेल्या हिक्स आणि जिलेट या मालकांनी स्टॅनली पार्कात नवीन स्टेडियम बांधू असं सांगितलं, कर्ज करून ठेवलं आणि वीटसुद्धा रचली नाही. २०१० ला एफएसजी या अमेरिकन कंपनीने ३० कोटी पौंडांना क्लब सोडवला, दोन वर्षं विचार केला आणि जुनं अ‍ॅनफिल्डच वाढवायचं ठरवलं. मेन स्टँड २०१६ ला, मग अ‍ॅनफिल्ड रोडकडची बाजू, मध्येच ठेकेदार कंपनी बुडाल्यामुळे ते लांबलं, पण आता ६१ हजार बसतात आणि टीमला घर सोडून जावं लागलं नाही.

एक प्रश्न शे भाऊ. बार्सिलोना, रियल म्हणे सभासदांचे क्लब. आपल्या साखर कारखान्यासारखं एक सभासद एक मत. मग तेच बरं नाही का? – वाचक, शहादा

बरं आहे, पण सभासदांचं आहे म्हणजे कारभार चांगला असं कोणी सांगत असेल तर मान डोलवू नका, सहकार बघितलेल्या शहादेकराला हे मी काय सांगू. बार्सिलोनावर २०२१ ला १३५ कोटी युरोचं देणं निघालं, आणि ते सभासदांनी निवडून दिलेल्या अध्यक्षाच्या काळातलं. फरक एवढाच की त्यांच्या कॅम्प नू ग्राउंडच्या कामासाठी १५० कोटी युरो उभे करायचे होते तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये सभासदांचं मतदान घ्यावं लागलं, मोठ्या बहुमताने हो झालं. मग टीम २०२३ ला मोंजुइकच्या डोंगरावर गेली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात परत आली, ठरल्यापेक्षा खूप उशिरा. कर्ज झालं पण विचारून झालं, हे माझ्या लेखी मोठं आहे. जर्मनीत तर १९९८ पासून नियमच आहे, ५०+१, पैसेवाला कितीही पैसा टाको, मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहणार, दोन-तीन अपवाद सोडले तर.

आणि जर्मनीचा विषय निघालाच आहे तर युनियन बर्लिन सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. पूर्व बर्लिनमधला कामगारांचा क्लब, जंगलाच्या कडेला ग्राउंड. २००४ ला लीगमध्ये खेळायच्या लायसन्ससाठी पैसे नव्हते तर फॅन लोकांनी रक्त दिलं, तिकडे रक्तदानाचे थोडे पैसे मिळतात, ते क्लबला दिले. २००८ ला ग्राउंड एवढं जुनं झालं की स्टँड परत बांधल्याशिवाय खेळू देईनात, आणि ठेकेदाराला द्यायला पैसे नाहीत. तर दोन हजारांवर माणसं कामाला आली, कोणी सुट्टी टाकून, कोणी रिटायर झालेला, कोणी गवंडी, कोणी ऑफिसातला ज्याने आयुष्यात फावडं धरलं नव्हतं. काँक्रीट ओतलं, लोखंड बांधलं, जुन्या पायऱ्या फोडल्या, सगळं मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास काम झालं आणि २००९ ला ग्राउंड उघडलं. पुढे २०११ ला स्टेडियमची वेगळी कंपनी करून ५०० युरोचा एक असे शेअर सभासदांनाच विकले. हाच क्लब २०१९ ला बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला आणि २०२३ ला चॅम्पियन्स लीग खेळला. ज्या पायरीवर माणूस उभा राहून मॅच बघतो ती त्याने स्वतः ओतलेली आहे, त्या ग्राउंडचा सौदा कोणी बिल्डर कसा करेल सांगा.

आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) क्लबांना स्वतःचं ग्राउंड का नसतं? – वाचक, चाळीसगाव

कारण ग्राउंड बहुतेक सरकारचं. कोलकात्याचं सॉल्ट लेक बंगाल सरकारचं, पुण्याचं बालेवाडी आपल्या राज्याचं. मोहन बागानचं कोलकात्याच्या ‘मैदान’ भागात जुनं ग्राउंड आहे तर ती जमीन लष्कराची. क्लबकडे स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट नसते म्हणून मालकाचा मूड गेला की क्लब संपतो, महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद, जेसीटी २०११ ला बंद, एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद. कोल्हापूरच्या तालमींची टीम मात्र कोणाचा मूड गेला म्हणून बंद पडत नाही, तिच्या मागे पेठ उभी असते.

गावाचं नाव छापू नका. आमच्या तालुक्याला पालिकेचं जुनं ग्राउंड आहे, आमचा क्लब पिढ्यानपिढ्या तिथेच खेळतो. पायऱ्यांना तडे गेलेत, पत्रे उडालेत. आता एक बिल्डर म्हणतो मी फुकट स्टँड बांधून देतो, खाली रस्त्याच्या बाजूने गाळे काढू द्या. मोठी मंडळी तयार आहेत, आम्ही पोरं घाबरलोय. काय करावं? – वाचक, जळगाव जिल्हा

घाबरलात ते बरोबर आहे, पण पहिल्यांदा पायऱ्यांचं बोलू. तडे गेलेल्या पायरीवर प्रेम करू नका. ११ मे १९८५ ला इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागली, खाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला, काही मिनिटांत सगळा स्टँड पेटला, ५६ माणसं गेली. त्या दिवशी क्लबला ट्रॉफी मिळाली होती, आनंदाचा दिवस होता. नव्या छपराचं लोखंड येऊन पडलेलं, सीझन संपला की काम सुरू होणार होतं. म्हणून बिल्डरचं जे व्हायचं ते होवो, पालिकेला आजच अर्ज देऊन पायऱ्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी मागा आणि तोवर त्या बाजूला माणसं बसवू नका.

आता गाळे. गाळे म्हणजे वाईटच असं नाही, आपल्याकडे कितीतरी स्टेडियमच्या खाली दुकानं आहेत. प्रश्न असा की जमीन कोणाच्या नावावर राहणार, भाडं कोणाकडे जाणार आणि मैदानाची लांबी-रुंदी किती उरणार. इंग्लंडच्या ब्रायटन क्लबची गोष्ट तुमच्या मोठ्या मंडळींना वाचून दाखवा. क्लबच्या नियमात होतं की ग्राउंड विकून कोणाला खाजगी फायदा घेता येणार नाही, ते कलम गुपचूप काढलं गेलं, गोल्डस्टोन ग्राउंड बिल्डरला विकलं, १९९७ ला शेवटची मॅच झाली आणि तिथे दुकानं उभी राहिली. क्लब दोन सीझन शंभर किलोमीटरच्या वर लांब जिलिंगहॅमला खेळत होता, मग अ‍ॅथलेटिक्सच्या ट्रॅकवर, स्वतःचं घर मिळायला २०११ उजाडलं.

याच्या उलट चेल्सीवाल्यांनी केलं. तिथेही बिल्डरांची नजर जमिनीवर होती, तर १९९३ ला फॅन लोकांची एक कंपनी काढली, चेल्सी पिच ओनर्स, शंभर पौंडाचा एक शेअर. पुढे क्लबच्या स्टॅमफर्ड ब्रिज ग्राउंडची जमीन त्या कंपनीच्या नावावर झाली आणि चेल्सी फुटबॉल क्लब हे नावसुद्धा. २०११ ला अब्रामोविचसारख्या मालकाने ती जमीन परत मागितली, ७५ टक्के मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. अब्जाधीश माणूस आणि शंभर-शंभर पौंडाच्या शेअरवाल्यांनी नाही म्हटलं.

तुमच्याकडे जमीन पालिकेची आहे, ती तुमच्या नावावर होणार नाही, पण कागद तुमच्या हातात येऊ शकतो. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा. शहराच्या विकास आराखड्यात (डीपी) त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे का ते नगररचना विभागात बघा. आरक्षण असेल तर ते बदलायला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, त्याची नोटीस निघते आणि हरकती-सूचनांसाठी महिनाभर मिळतो, ती नोटीस कोणी घरी आणून देत नाही, स्वतः लक्ष ठेवावं लागतं. बिल्डरशी जो करार होतोय त्याचा मसुदा माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मसुद्यात तीन गोष्टी शोधा: जागा किती वर्षांच्या लीजवर, गाळ्यांच्या भाड्यातला किती हिस्सा ग्राउंडच्या देखभालीला, आणि काम चालू असताना क्लब खेळणार कुठे. तिसरं कोणी लिहित नाही आणि क्लब मोडतात ते तिथेच, दोन वर्षं पोरं कुठे खेळली नाहीत की परत येत नाहीत.

आणि एक काम या आठवड्यातच करा. तुमचा क्लब धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर आहे का विचारा, नसेल तर सात माणसं जमवून करून घ्या, कारण रजिस्टर नसलेल्या क्लबला पालिका करारात धरतच नाही. मसुदा हातात आला की मला पाठवा, नाव न छापता त्यावर इथेच लिहीन.