जिताडा मोजला, बक्षीस अडलं

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीत कयाकवरून (लहान वल्हवायची होडी) गळाने मासे गरवायला जातो. नोव्हेंबरात दाभोळ खाडीच्या मुखाशी झालेल्या स्पर्धेत ३,५०० रुपये भरून उतरलो होतो. मासा पट्टीवर ठेवायचा, सकाळी दिलेल्या कोडच्या चिठ्ठीसह फोटो काढायचा आणि मासा सोडून द्यायचा, अशी पद्धत. ११.१७ ला मला ७४ सेंटीमीटरचा जिताडा लागला, त्या दिवसातला सर्वांत लांब. नियमपत्रिकेत ‘फोटो दुपारी १ पूर्वी काढलेला असावा’ एवढंच होतं. आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, की फोटो १ पर्यंत ॲपवर चढलेच पाहिजेत. खाडीत रेंज नव्हती. माझा फोटो १.२२ ला चढला. मला बाद करून ६०,००० रुपयांची बक्षिसाची कयाक दुसऱ्याला दिली. ‘समितीचा निर्णय अंतिम, कोर्टात जाता येणार नाही’ याखाली माझी सही आहे. शिवाय परतताना माझ्या कयाकचं पेडल एका मच्छीमाराच्या जाळ्यात अडकलं आणि मी जाळं कापून सुटलो. त्याने पेडल ठेवून घेतलंय, १२,००० मागतोय. आयोजक म्हणतात, जबाबदारी तुझी असा फॉर्म तूच भरलायस. काय करू?

उत्तर : ७४ सेंटीमीटरचा जिताडा तुम्ही परत पाण्यात सोडलात, हे वाचून आमच्या घरात दोन मिनिटं शांतता पाळली गेली. असो.

सही केलीत म्हणून घाबरू नका. कोर्टाची दारंच बंद करणारी अट भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २८ नुसार रद्दबातल असते. ‘निर्णय अंतिम’ या शब्दांना मात्र थोडा अर्थ आहे. तुमचा मासा ७४ चा की ७३ चा, हे ठरवायला कोणताही न्यायाधीश बसणार नाही. ज्या नियमांवर पैसे घेतले त्याच नियमांनी निकाल लावला का, एवढंच तो बघेल. हे दोन्ही बाजूंनी कापतं. अमेरिकेत ओशन सिटीच्या २०१६ च्या व्हाइट मार्लिन मासा पकडण्याच्या स्पर्धेत एकाचं सुमारे २८ लाख डॉलरचं बक्षीस अडलं होतं. विजेत्याने पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याची चाचणी द्यायची, हा नियम होता. तो त्यात नापास झाला आणि तिथल्या कोर्टाने नियमपत्रिकेवर बोट ठेवून आयोजकांची बाजू उचलून धरली. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण आपलं कोर्टही आधी तोच कागद मागेल.

तुमचा कागद चांगला आहे. जाहीर केलेल्या अटी पूर्ण करणं म्हणजे प्रस्ताव स्वीकारणं, असं त्याच करार अधिनियमाचं कलम ८ सांगतं. तुम्ही ११.१७ ला फोटो काढलात, अट तिथे पूर्ण झाली. ठरलेला करार बदलायचा तर दोघांची संमती लागते. आता तुम्ही पाठवलेला ग्रुपचा स्क्रीनशॉट जरा मोठा करून बघा. त्या साडेदहाच्या मेसेजखाली अंगठे आहेत आणि तिसरा अंगठा तुमचा आहे. समोरचा वकील सगळ्यात आधी तोच दाखवेल, संमती म्हणून. तुमचं उत्तर नियमपत्रिकेच्या नवव्या मुद्द्यात आहे : ‘बदल सकाळच्या सभेत जाहीर केले जातील.’ सकाळी सभेत हा बदल सांगितला गेला नसेल, तर अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच, असं म्हणायला जागा उरते. सभेला हजर असलेल्या दोघातिघांची नावं आजच लिहून ठेवा.

फोटोचं काय केलंत? व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतून काढल्याची वेळ वगैरे माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्येच असेल. तो फोन विकू नका, रिसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा फाइलसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, एक भाग तुमच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या.

दिवाणी दाव्यापेक्षा जिल्हा ग्राहक आयोग बरा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी, असं तक्रारीचं स्वरूप ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच करता येते; एवढ्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ‘हा बक्षिसाच्या कमाईसाठी आला होता, ग्राहक कसला?’ असा आक्षेप येईल. नोकरी आणि सुट्टी, दोन्हीचे पुरावे जोडा. आधी रजिस्टर्ड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. कोणाला, ते बॅनरवरच्या नावावरून ठरवू नका. यूपीआयने पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव बघा. कयाक दुसऱ्याकडे गेली असल्याने तिची किंमत मागा. ती मिळेलच अशी खात्री मी देणार नाही. प्रवेश फी आणि खर्च मिळण्याची शक्यता मात्र बरी वाटते.

जाळ्याचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूचा नाही. तुम्ही भरलेला फॉर्म तुमच्या आणि आयोजकांच्या मधला. जाळ्याच्या मालकाचा त्याच्याशी संबंध नाही. जाळं तुम्ही कापलंत, भरपाई तुमच्याकडून मागायचा त्याला हक्क आहे. पैसे मिळेपर्यंत पेडल अडवून ठेवायचा हक्क त्याला नाही, हेही खरं. पण एवढ्यासाठी पोलीस ठाण्यात जाऊ नका. फाटक्या जाळ्याने त्याचे समुद्रातले दिवस बुडतात. गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन त्याच्या घरी जा, जाळं पसरून बघा, किती गेलं आणि शिवायला काय लागेल ते समोर ठरवा. आकडा बहुधा १२,००० च्या खाली येईल. स्पर्धेचा मार्ग आखताना जाळ्यांची चौकशी केली होती का, हे आयोजकांना नोटिशीतच विचारा. केली नसेल तर ही रक्कमही त्यांच्याकडून मागता येईल आणि त्यासाठी पावती लागेल. ‘जाळ्याच्या नुकसानीपोटी पूर्ण व अंतिम’ असं लिहून दोघांच्या आणि सोसायटीच्या माणसाच्या सह्या घ्या, दोन प्रती करा. पैसे आणि पेडल एकाच वेळी या हातातून त्या हातात जाऊ देत.