ऊरच्या राणीची 'समाधी'?

प्रश्न असा आला आहे: "मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) ऊर इथल्या राणी पुआबीच्या समाधीत सोन्याचे दागिने, वाद्ये, भांडी सापडली. अशा वस्तूंना मराठीत एकच शब्द आहे का?"

आधी ती 'समाधी' खाली ठेवा. हल्ली जो तो जुन्या राजाराणीला समाधीत बसवतो. मागे एका जाणकारांनी 'आदरार्थी चालतो' असा निर्वाळाही दिला होता. नाही चालत. समाधी घेतात. ऊरच्याच दुसऱ्या ज्या दफनखड्ड्यात उत्खनन करणाऱ्या लेनर्ड वूलीला ७४ सांगाडे सापडले (६८ बायकांचे), तिथे कोणी काय घेतले? ऊरच्या अशा खड्ड्यांतल्या दोन कवट्यांचे अलीकडे स्कॅन झाले, तर डोक्यात घाव घातल्याच्या खुणा निघाल्या. त्या ७४ जणांतल्या एका मुलीची केसांत माळायची चांदीची फीत गुंडाळीतच कमरेपाशी होती. तयारीला उशीर झाला असावा, असा वूलीचा तर्क.

लिहायचे तर 'कबर' लिहा. काही कोश या शब्दापुढे 'फारसी' एवढा शेरा मारून मोकळे होतात. फारसी ही नुसती वाटेतली धर्मशाळा. शब्द अरबी, 'कब्र', धातू क-ब-र, म्हणजे पुरणे. त्यालाच 'म' लागून जागा झाली ती 'मकबरा', आपल्या संभाजीनगरचा बीबी का मकबरा तोच. आणि आता खरी गंमत. मेसोपोटेमियाच्या अक्कडी भाषेत पुरणे म्हणजे 'केबेरु' आणि थडगे म्हणजे 'कब्रु'! अक्कडी ही अरबीची आई नव्हे, मावशी म्हणा. पण घराणे एकच.

आणि पुआबी हे नावही अक्कडीच. वूलीने तिच्या मुद्रेवरची तीच चिन्हे सुमेरी (तिथलीच दुसरी, वेगळ्या घराण्याची भाषा) समजून 'शुबअद' वाचली होती. अक्कडीत 'पू' म्हणजे तोंड, 'अबी' म्हणजे माझा बाप. हा 'अबी' अरबीतही जसाच्या तसा आहे, 'अब्बा' त्याच्याच गोतातला. जिच्या नावातच ही भाषा, तिच्यासाठी साडेचार हजार वर्षांनी मराठीत त्याच घराण्यातला शब्द तयार असताना आळंदीहून शब्द उचलून तिकडे न्यायचा? माझ्या मते 'थडगे'सुद्धा इथे दुय्यम. कुणाला हा हट्ट वाटला तर वाटो.

हो, त्या वस्तूंचे राहिलेच. 'सोबत पुरलेल्या वस्तू' लिहा, कळते. 'दफनसाहित्य' वाचले की मला फावडे-घमेले आठवते.