बाहुलीघरासाठी पॉलिमर क्लेचा, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या मातीचा, नाताळचा खाऊ केला आहे. ग्लॉस वार्निशचे दोन हात देऊनही जिंजरब्रेड आणि कुकीज प्लास्टिकच्याच वाटतात. कोणतं वार्निश चांगलं?

कोणतंच नाही. जिंजरब्रेड, कुकीज आणि केकचा स्पंज यांना वार्निश लावूच नका. दोन हात देऊनही प्लास्टिक दिसतंय असं तुम्ही लिहिलंय. त्या दोन हातांमुळेच ते तसं दिसतंय.

ओव्हनमधून निघालेली जिंजरब्रेड आठवा. कोरडी, थोडी खरबरीत, मधे फिकट आणि कडांना खरपूस. चकाकी कुठेच नसते. त्यात मापाचा हिशेब कुणी करत नाही. बाहुलीघराचं नेहमीचं माप १:१२. या मापात ६ सेंटिमीटरची कुकी ५ मिलिमीटरची होते, पण वार्निशचा थर काही बारापट पातळ होत नाही. तो नुसता ०.१ मिलिमीटर धरला तरी खऱ्या कुकीवर १.२ मिलिमीटर जाडीचा चकचकीत लेप चढवल्यासारखं झालं. खरी साखर भुरभुरवणाऱ्यांचंही हेच होतं. अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या कुकीवर ६ मिलिमीटरचा खडा दिसतो.

मी इतकं ठासून लिहितेय, कारण याच चकाकीवरून माझं आणि माझ्या मावसबहिणीचं वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. मिनिएचरच्या एका प्रदर्शनात आम्ही दोघींनी मिळून नाताळची बेकरी मांडायची ठरवली होती. दुकान, फळ्या, दिवे हे ताईकडे आणि खाऊ सगळा माझ्याकडे. जिंजरब्रेडचा रंग मी पाकिटातल्या तपकिरीवर कधीच सोडत नाही, कारण तो सपाट आणि मेलेला दिसतो. गेरू रंगाची क्ले, थोडी तपकिरी, चिमूटभर पांढरी आणि बरीचशी ट्रान्सल्युसंट (अर्धपारदर्शक) क्ले असं मिश्रण मळलं. ट्रान्सल्युसंटमुळे उजेड थोडा आत शिरतो आणि पीठ पिठासारखं दिसतं. पोळी लाटून, आकार कापून प्रत्येकावर जुन्या टूथब्रशने टोचे मारले, कडा बोटाने हलकेच दाबून गोल केल्या. मग सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडून तिची भुकटी कोरड्या ब्रशने लावली. आधी पिवळसर सगळीकडे, मग विटकरी कडेला, शेवटी गडद तपकिरी फक्त अगदी टोकांना. (तेलकट पेस्टल नकोत, त्यांची भुकटी होत नाही.) हे भाजण्याआधी करायचं, कच्च्या क्लेला भुकटी नीट धरते. आयसिंगसाठी पांढरी क्ले लिक्विड क्लेमध्ये (पातळ क्लेमध्ये) घोटून दाटसर केली आणि सुईच्या टोकाने रेघा ओढल्या. भाजून झाल्यावर ट्रे तिच्या टेबलावर गार व्हायला ठेवले आणि मी घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर सगळा खाऊ लखलखतोय! ताई खुशीत होती. म्हणाली, "अगं, फिनिशिंग राहिलं होतं तुझं, मी रात्रीत करून टाकलं. बघ, कसं उठून दिसतंय." पेस्टलची सगळी छटा त्या लेपाखाली गडद होऊन एकसारखी झाली होती. मी बोलले तेव्हा वर मलाच ऐकवलं, "बाहुलीचंच तर आहे, एवढं बारकाईने बघतंय कोण?"

हे वाक्य मला लागलं, अजून लागतं. बारकाईने बघणारेच लोक बाहुलीघरापाशी थांबतात, बाकीचे पुढे जातात. आणि बाहुलीचं म्हणजे कसंही चालेल असं म्हणणाऱ्यांनी हे साहित्य आलं कुठून तेही बघावं. फिमो ही क्ले जर्मनीतल्या बाहुल्या घडवणाऱ्या केटे क्रूझच्या घरातून आली. तिची मुलगी सोफी हिने ती पुढे आणली आणि १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ती घेतली. ज्या घरात बाहुलीच्या चेहऱ्यावर हाताने रंग चढवला जायचा, तिथली ही वस्तू आहे.

शेवटच्या ट्रेपर्यंत ताईचं वार्निश संपलं, म्हणून तिने त्याला पारदर्शक नेलपॉलिश फासलं. नेलपॉलिशमधली द्रावकं क्लेला मऊ करतात. तो ट्रे चिकट झाला तो कायमचाच, बोट लावलं की ठसा उठायचा आणि धूळ बसायची. एक लहान ट्रे मी गार व्हायला ओव्हनमध्येच ठेवला होता, तेवढा वाचला. तो मी हट्टाने खिडकीत पुढे मांडला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर वाद उरत नाही, असं मला वाटलं होतं. ताईला आजही वाटतं की फोटोत चमकणारंच चांगलं.

आता तुमच्यासाठी. ग्लॉस लावून झालंच आहे, तर त्यावर पाण्यावर आधारित मॅट वार्निशचा अगदी पातळ हात द्या, चकाकी बरीच मरते. ते पुरतं वाळायच्या आत कडांना थोडी पेस्टलची भुकटी टेकवा. स्प्रेच्या डब्यांपासून लांब राहा, त्यातले काही क्लेवर चिकटच राहतात. पुढच्या खेपेला मुळातच लावू नका. नीट भाजलेल्या क्लेला टिकण्यासाठी वार्निश लागत नाही. नीट भाजणं म्हणजे पाकिटावर लिहिलेलं तापमान, ब्रँडप्रमाणे साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस, आणि ते ओव्हनच्या बटणावर न बघता आत ठेवलेल्या वेगळ्या थर्मामीटरवर बघायचं. कमी भाजलं तर तुकडे पडतात. फार तापलं तर क्ले करपते आणि तिच्यातल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो.

कँडी केनचं, म्हणजे टोकाला वाकवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गोळीच्या काठीचं, विचारलं नाहीत, तरी सांगते. आधी पांढरी क्ले मळा, मग लाल. उलट केलंत तर हाताचा लाल रंग पांढऱ्यात उतरतो. दोन्हींच्या बारीक दोऱ्या शेजारी ठेवून पीळ द्या, लाटत लाटत १ मिलिमीटरपर्यंत आणा आणि वाकवा.

आणि हो, चकाकीशी माझं वैर नाही. कँडी केन, केकवरची चेरी, जॅमचा ठिपका, चॉकलेटचा ओघळ हे खरेही चमकतात, तेव्हा तिथे ग्लॉस हवंच. टोकदार ब्रशने, तेवढ्याच जागी. ताईने तेवढंच केलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. तुम्ही कुणासोबत मिळून करत असाल तर आधीच ठरवून टाका: ज्याने भाजलं, शेवटचा हातही त्यानेच फिरवायचा.