पोरगी म्हणते क्वांटम, बाबा विचारतात पगार कधी

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही नाशिकच्या सातपूरला, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर, पोरगी बारावीला, कॉलेज रोडला जेईईचा क्लास लावला त्याची फी भरून झाली आणि आता ती म्हणते इंजिनिअरिंग नको, क्वांटम फिजिक्समध्ये पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय. तुमचा प्रश्न सरळ आहे, पगार कधी सुरू होतो आणि तोवर किती वर्षं पोसायचं.

तर पैशाचंच आधी. पुण्याच्या आयसरला किंवा भुवनेश्वरच्या नायसरला, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या संस्थांना, बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स असतो, तेवढा खर्च तुमच्याकडे. त्यानंतरची पीएचडी म्हणजे अजून पाच-सहा वर्षं, पण ती बापाच्या पैशावर करायची नसते हो, जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना सरकार देतं ती फेलोशिप, निघाली की महिन्याला 37,000 मिळतात, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं वेगळं. म्हणजे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी तिचं तिचं भागतं. शेजारच्यांचा मुलगा हिंजवडीला जास्त घेत असेल, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

खरी अडचण पीएचडीनंतर आहे, आणि ती कोणी सांगत नाही. पोस्टडॉक! म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नोकरी, दोन-दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आज जर्मनी, उद्या सिंगापूर, परत अर्ज, परत वाट बघणं. पर्मनंट जागा मिळेपर्यंत बहुतेकांची तिशी उलटून जाते, तेहतीस-पस्तीस होतात. आयआयटी-आयसरला असिस्टंट प्रोफेसर लागली तर बेसिकच 1,01,500 पासून, पण जागा थोड्या आणि रांग मोठी. तुम्ही लग्नाचं विचारलंय, ते नेमकं याच वर्षांत आडवं येतं, दोघांना एका गावात नोकरी मिळणं हीच मोठी कसरत असते. हे तिच्याशी मोकळं बोला, पण बोर्डाची परीक्षा झाल्यावर, आत्ता नको.

पेपरात केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनचे 6003 कोटी वाचून तिला वाटतंय की नोकऱ्याच नोकऱ्या. मिशन 2023 ला मंजूर झालं ते खरं, आयआयटी मुंबईला त्याचं सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं, हब पण आहे, पण ते 2030-31 पर्यंतचं आहे आणि तिचा पाच वर्षांचा कोर्स संपायलाच साधारण तेवढा वेळ लागणार. त्या आकड्यावर भरवसा ठेवून हा निर्णय घेऊ नका.

त्यापेक्षा तिला एक विचारा, थिअरी का एक्सपेरिमेंट? या वयातल्या पोरांना व्हिडिओ बघून ते श्रोडिंगरचं एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर आणि समांतर विश्वं एवढंच माहीत असतं. प्रत्यक्षात कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेमध्ये जी क्वांटम चिप बनवली ती उणे 273 अंशाच्या अगदी जवळ नेऊन ठेवावी लागते, आणि असल्या लॅबमध्ये महिनेच्या महिने पंप, गळती, वायरिंग यातच जातात. अणू पकडून ठेवायचे प्रयोग व्हॅक्यूम चेंबरमध्ये करतात, त्याच्या फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) सील होणाऱ्या कडेवर बारीक ओरखडा पडला तरी हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. तुम्ही लिहिलंय "मी आयटीआयवाला, मला यातलं काय कळणार". अहो भाऊ, मायक्रॉनमध्ये काम म्हणजे काय हे त्या लॅबमधल्या नव्या पोरांना शिकायला वर्ष जातं! तिला एकदा मशीनवर जॉब सेट करताना दाखवा, कंटाळली तर कदाचित थिअरीवाली असेल, मग गणित किती आवडतं ते बघू.

आता लगेच करायचं ते. आयसरची परीक्षा आयएटी, तिचे फॉर्म मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतात. 60 प्रश्न असतात आणि त्यात 15 बायोलॉजीचे!! जेईईवाली पोरं इथंच गारद होतात, तिने अकरावीला बायो सोडलं असेल तर एनसीईआरटीचं पुस्तक आजच आणा. जेईई पण देऊ दे, फी भरलीच आहे, आणि इंजिनिअरिंग करून जेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन फिजिक्सच्या पीएचडीला जाणारे पण असतात. दोन्हीकडे नाही लागलं तरी रडू नका, आपल्या नाशिकच्या आरवायके नाहीतर केटीएचएम कॉलेजला बीएस्सी फिजिक्स, तिथून आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. हा रस्ता स्वस्त आहे, आणि खरं सांगायचं तर घरचा डबा सुटत नाही.

आयएटीचे जुने पेपर वेबसाइटवर मिळतात, एक रविवारी घड्याळ लावून सोडवायला सांगा आणि बायोलॉजीत किती आले ते मला कळवा.