आधी ठिणगी, मग कार्बोरेटर

प्रश्न : माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन थंड असताना गाडी छान चालते. पण अर्ध्या तासानंतर चढावर मिस मारू लागते, सिग्नलला थांबल्यावर बंद पडते आणि प्लग काढून पाहिले तर काळे झालेले असतात. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, मिक्श्चर स्क्रूही फिरवून पाहिला, तरी फरक नाही. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय इग्निशनवर जातो. प्लगवरची काजळी पाहून हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त झाले असे आपण समजतो. परंतु ठिणगी अशक्त असली तरी पेट्रोल अर्धवट जळते आणि प्लग तसेच काळे पडतात. त्यात इंजिन तापल्यावरच दोष दिसतो, हे महत्त्वाचे आहे, कारण खराब होत आलेला कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी रोखणारा छोटा डबा) किंवा कॉइल (प्लगसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) थंड असताना काम करते आणि उष्णतेने दगा देते. त्यामुळे खात्रीचा कंडेन्सर बसवून पाहणे हीच सर्वांत स्वस्त चाचणी आहे. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधली कॉइलची वीज जोडणारी-तोडणारी टोके, काढून नीट पाहावेत: एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल, तर कंडेन्सर त्या पॉइंटना साजेसा नाही असे समजावे. अशा खडबडीत पॉइंटवर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) फसवतो, कारण त्याची पट्टी उंचवट्यावर टेकते आणि प्रत्यक्ष गॅप दिसते त्याहून जास्त असते.

यानंतरचा क्रम मोडू नये. व्हॉल्व्हचे क्लिअरन्स आणि प्लगची गॅप पाहून झाली की नवे पॉइंट साधारण ०.४ ते ०.५ मि.मी. गॅपवर बसवावेत, गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला आकडा अर्थातच प्रमाण मानावा. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, त्यानंतरच लावायचे, कारण गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदलते. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत गेली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. मग इंजिन तापते, पिकअप जातो आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी येतो. म्हणून नवे पॉइंट बसवताना कॅमला ग्रीसचा अगदी बारीक थेंब लावण्यास विसरू नये.

टायमिंगसाठी १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. त्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावावी, इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवून पुलीवरील खुणेवर आणावे आणि इग्निशन चालू करावे. आता डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्यूटर त्यातल्या रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने हळूहळू फिरवावा. बल्ब पेटला त्याच क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळावा. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने आहेत ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

कार्बोरेटरला हात लावायचा तो एवढे झाल्यावरच. इंजिन पूर्ण गरम आणि चोक अजिबात वापरात नसताना मिक्श्चर स्क्रू बाहेर काढत जावा. आरपीएम सर्वांत जास्त होईल तिथे थांबून आयडलिंगच्या स्क्रूने ते खाली आणावे आणि हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. मिक्श्चर स्क्रूचा प्रभाव आयडलिंगपुरताच असतो; चढावरच्या मिसिंगवर तो इलाज नव्हेच. स्क्रू फिरवूनही आवाजात काही बदल होत नसेल, तर आयडल जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) तुंबलेला आहे किंवा कार्बोरेटरच्या बुडाशी, गॅस्केटमधून अथवा झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलमधून हवा आत शिरते आहे. जेटमध्ये तार कधीही घालू नये. त्याचे छिद्र मि.मी.च्या शंभराव्या भागात मोजलेले असते, ते कायमचे बिघडते. हवेच्या दाबानेच जेट साफ करावा.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुन्या गाडीचा जेट बदलावा लागतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ट्यूनिंग योग्य असूनही मिश्रण पातळ (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झाल्याची लक्षणे दिसली, तरच बदलावा. इथेनॉलच्या अंगी ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे मूळच्याच जेटवर ई-२० चालवल्यास मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. मुख्य जेट १२० क्रमांकाचा असेल आणि त्याऐवजी १२५ क्रमांकाचा बसवला, तर छिद्राचे क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे एक पायरी पुरेशी होते. मात्र वेगात गाडी अडखळत असेल आणि प्लग पांढुरके दिसत असतील, तेव्हाच हा बदल करावा.

माझ्या मते जेटपेक्षा तातडीची बाब रबराची आहे. जुने पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात व चिरतात, आणि तापलेल्या इंजिनवर गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे हे भाग इथेनॉल सहन करणारे घेऊन आधी बदलावेत. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामे करून ठेवावे, कारण इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी पूड धरते. हीच पूड पुढे आयडल जेट बुजवते.