मुतखड्याची कळ आणि बाळंतकळा

प्रश्न : माझी दोन बाळंतपणे झाली, तरी गेल्या महिन्यात उठलेली मुतखड्याची कळ त्याहून असह्य वाटली. सासूबाईंना हे पटत नाही. असे होऊ शकते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : होय, आणि घरच्यांनी तुमचे म्हणणे खरे मानावे, असे मला मनापासून वाटते. बाळंतकळा लाटांसारख्या येतात आणि मध्ये विसावा देतात. मुतखडा मात्र जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंदीच्या मूत्रवाहिनीत अडकला, की मागे तुंबलेल्या लघवीच्या दाबाने मूत्रपिंड ताणले जाते आणि कळ कित्येकदा तासन्‌तास ओसरत नाही. अर्थात प्रत्येकीचा अनुभव वेगळा असतो. गोव्याच्या उकाड्यात घाम फार जातो, म्हणून पाणी भरपूर प्या. कळेसोबत थंडीताप आला, तर लगेच इस्पितळ गाठा.